लेंडीमावशी आणि माझी साहेबी बोरं

लेंडीमावशी फाटकातून आत आल्या की आधी झाडांची चौकशी करायच्या आणि वेळ उरलाच तर माझी. डोक्यावरचं पोतं ओट्यावर टेकवायचं, पदराने मान पुसायची आणि सरळ कुंडीतल्या मातीत बोटं खुपसायची, पार मुळापर्यंत. डॉक्टर नाडी बघताना जसे कुठेतरी तिसरीकडेच बघतात तशा त्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहायच्या. मग निदान यायचं, "ह्येला काल पानी दिलंय. त्याच्या आदी चार दिवस न्हाय." ते नेहमी बरोबर असायचं. सगळ्या कुंड्या झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणायच्या, "हात बगू सायेब." मी शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे करायचो. त्या ते उलटसुलट करून बघायच्या आणि म्हणायच्या, "लई मऊ हायती." हे कौतुक नव्हे, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

हात मऊ असायला कारण होतं. शेतीच्या एका सरकारी कचेरीत मी छत्तीस वर्षं शेती केली, म्हणजे टेबलावर केली. शेतकऱ्यांना वाटायची पत्रकं आधी टाइप करणं आणि पुढे तपासणं हे माझं काम. द्राक्षाच्या छाटणीचं पत्रक तर मला स्वल्पविरामांसकट पाठ होतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. द्राक्षाचा वेल मात्र मी खिडकीतूनच पाहिलेला, तोही एसटीच्या. वडील पोस्टात, आजोबा शाळामास्तर. आमच्या घराण्यात मातीशी संबंध यायचा तो फक्त चपलेचा.

निवृत्तीच्या दिवशी निरोपसमारंभात कचेरीतल्या शिपायाने सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, आता घरी काय लावलंय तुम्ही?" मी खरं ते सांगितलं. मनीप्लांट. सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येताना हातात नारळ आणि शाल घेऊन रिक्षात बसलो तेव्हा मी हिशेब केला. हजारो शेतकऱ्यांना फळं कशी आणायची ते सांगणाऱ्या माणसाने आयुष्यात एक फळ आणलं नव्हतं. एक तरी आपल्या हातचं फळ बघायचं, असं मी त्या रिक्षात ठरवलं.

शहाण्या माणसाने पेरू लावला असता. सोलापुरात पेरू, सीताफळ, लिंबू कुणालाही येतं, आणि नेमकं तेच मला नडलं. कुणालाही येतं ते लावून छत्तीस वर्षांची भरपाई कशी व्हायची? मग एका दुपारी मोबाइलवर कुठल्या तरी थंड देशातला एक माणूस दिसला. गुडघ्यापर्यंत बूट घालून तो टोपलीभर काळीजांभळी फळं तोडत होता. बॉयसेनबेरी. म्हणजे रास्पबेरी, ब्लॅकबेरी आणि त्यांच्या आणखी एकदोन भावंडांचा संकर. लांब काटेरी काड्या वेलासारख्या पसरतात आणि त्यांना तुतीच्या थोरल्या बहिणीसारखी दाणेदार फळं लागतात. या झाडाला थंडी आवडते असं तो माणूस तीन वेळा म्हणाला. मी तिन्ही वेळा ऐकलं आणि पाच रोपं मागवली. आमच्याकडे थंडी पडते, नाही असं नाही. ती साधारण सकाळी सहाला येते आणि आठच्या आत निघते.

पाचातलं एक खोक्यातच गेलं. उरलेली चार मी कंपाउंडच्या भिंतीलगत, सिमेंटच्या पाण्याच्या टाकीशेजारी ओळीने लावली आणि वर हिरवी शेडनेट ताणली. कॉलनीतल्या लोकांना वाटलं मांडव पडलाय, घरात काहीतरी कार्य आहे. दोघं जण तारीख विचारून गेले.

मावशी आमच्या कॉलनीत वर्षातून तीनदा यायच्या. पावसाळ्याआधी, दसऱ्यानंतर आणि संक्रांत झाल्यावर. वळसंगच्या बाजूला त्यांची मेंढरं होती. गावातला एक टेम्पोवाला भाजी घेऊन शहरात यायचा, त्यात लेंडीखताची पोती टाकून मावशीही यायच्या. इरकली लुगडं, कपाळभर कुंकू, दंडावर हिरवं गोंदण, कमरेला विळा. नाव कुणी विचारलं नव्हतं. लेंडी आणतात म्हणून लेंडीमावशी. पोतं सोडलं की पहिली मूठ तुळशीला जायची, तुमची तुळस असो की शेजाऱ्याची. त्याशिवाय त्या पोत्यात दुसऱ्या कुणाला हात घालू द्यायच्या नाहीत. आमच्या बायकोने एकदा विचारलं, असं का? तर म्हणाल्या, "तिला मूठ दिली की मंग मला खोटं बोलता येत न्हाय."

आणि खरंच बोलायच्या नाहीत. ताजी लेंडी त्या कधी विकत नसत. "ताजी जाळती. वरीसभर मुरू द्यावी," म्हणायच्या. मला वरीसभर दम कुठला. दुसऱ्या एका माणसाकडून मी दोन पोती ताजी आणली आणि चारही रोपांना सढळ हाताने घातली. आठवड्यात दोन रोपं बुडापासून काळी पडली. पुढच्या खेपेला मावशींनी मातीत बोटं घातली, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "मुरल्याली न्हाय ही." मी म्हणालो, घाईत झालं. त्या म्हणाल्या, "झाड मेलं हे ठीक हाय. पर दुसऱ्याकडनं घेतली ते सांगायचं की." मला दोन्हीची लाज वाटली, पण दुसऱ्याची जास्त.

उरली दोन. त्यांना थंडी मिळावी म्हणून मी त्या डिसेंबरात रोज फ्रिजमधले बर्फाचे खडे मुळाशी ठेवू लागलो. आकडेमोड केली होती. सकाळी दोन ट्रे, संध्याकाळी दोन. बायकोने आठ दिवस काही म्हटलं नाही. नवव्या दिवशी पाहुण्यांना कोकम सरबत कोमट मिळालं आणि मग ती बोलली. संक्रांतीनंतर मावशी आल्या तेव्हा मी नेमका उकिडवा बसून खडे मांडत होतो. त्या माझ्यामागे किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. "सायेब," त्या म्हणाल्या, "झाडाला सरबत पाजताय व्हय?" मी त्यांना शीतकाळाची गरज वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दिवसा तापवताय आन् सांजंला गारठवताय. मानूस असता तर तापानं मेला असता." दोनातलं एक तेवढ्यावर गेलंच.

राहिलं एक. ते मात्र चिवट निघालं. पावसाळ्यात त्याच्या बुडातून हिरव्या काड्या सरसरून यायच्या, अंगठ्याएवढ्या जाड, पुरुषभर लांब, काट्यांनी भरलेल्या. मावशींना ते झाड आवडायचं. त्याला त्या साहेबी बोर म्हणायच्या. "साहेबी बोरीला काय कमी न्हाय. लई कुळवंत हाय." कधी कधी त्या काडीवरून बोट फिरवत झाडालाच विचारायच्या, "काय गं, फळ का धरंना?" आणि मग माझ्याकडे बघायच्या. उत्तर माझ्याकडे होतं. उत्तर म्हणजे मीच होतो, पण ते मला माहीत नव्हतं.

कारण छाटणी. छाटणीचं पत्रक मला पाठ होतं, हे वर सांगितलंच. द्राक्षवाले जिला सिकेटर म्हणतात ती कात्री मी खास आणली होती, लाल मुठीची. वेल तो वेल, काडी ती काडी, असा सरळ हिशेब करून मी साहेबी बोरीला द्राक्षाचा नियम लावला. एप्रिल आला की सगळ्या काड्या जमिनीलगत साफ. पावसाळ्यात पुन्हा जोमाने वाढल्या की ऑक्टोबरात पुन्हा वीतभर ठेवून साफ. हे मी चार वर्षं केलं, दोन्ही वेळा शर्ट इन करून. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकायचो, 'आज फळछाटणी'. गटात मला बेरीसाहेब म्हणायचे. लोक विचारायचे, फळ कधी? मी लिहायचो, पुढच्या वर्षी. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं आणि ते जास्त लागलं.

आता या झाडाची रीत अशी की काडी एका वर्षी वाढते आणि दुसऱ्या वर्षी फळते. फळली की तिचं काम संपतं, ती वाळून जाते. तोवर बुडातून पुढच्या वर्षाच्या काड्या आलेल्या असतात. म्हणजे ऑक्टोबरात मी जे कापून टाकत होतो ते पुढच्या फाल्गुनातलं फळ होतं. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही. मावशींनी सांगितलं, आणि मी ऐकलं नाही.

"सायेब," त्या तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, "ज्या बांधावरच्या काटेरी कुपाला दरसाली मेंढरं लागत्यात त्येला कंदी फळ येत न्हाय. आदल्या वरसाची काडी ऱ्हायली तर येतंय. तुमी ती ठिवतच न्हाय."

मी म्हणालो, "मावशी, छाटणीचं शास्त्र असतं."

"आसंल की. पर शेळी निदान खाती तरी. तुमी नुसतंच कापताय."

मी पत्रकाचा दाखला दिला. त्यांनी विचारलं, "त्यात हिचं नाव हाय का?" नव्हतं. द्राक्षाचं होतं. पण छत्तीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेली गोष्ट एका लेंडीवाल्या बाईच्या बोलण्यावर मोडायची, हे माझ्याच्याने होईना. "येक वरीस माझ्या हाती द्या," त्या म्हणाल्या. मी हसून विषय बदलला. तसं हसणं मी कचेरीत शिकलो होतो. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला बसा न म्हणता वाटेला लावायचं हसणं. मावशींना ते ओळखू आलं असावं. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला.

पाचव्या वर्षी दसऱ्यानंतर त्या आल्या तेव्हा हातात काठी होती. पोतं टेम्पोवाल्याने आत आणून दिलं. गुडघे गेले म्हणाल्या, मेंढरं सुनेच्या ताब्यात दिली म्हणाल्या. तुळशीची मूठ झाली, कुंड्या झाल्या, माझे हात बघून झाले. मग म्हणाल्या, "सायेब, वैनीला सांगा, आज च्यात आलं जरा जास्त टाक. आन् तुमी तितंच थांबा, उतू जाईल." आमच्या घरात चहा उतू जाण्यावर मी लक्ष ठेवतो हे त्यांना कसं कळलं याचा मी विचार केला नाही. आत गेलो, थांबलो. बाहेर आलो तर मावशी टाकीमागून निघत होत्या, भिंतीला धरून. झाडाच्या बुडाशी त्यांनी लेंडीखताचा मोठा ढीग घातला होता आणि वर वाळका पाला पसरला होता.

"टाकीमागं जाऊ नका हां सायेब," त्या म्हणाल्या. "हितं जनावर हाय."

"साप?"

"मी शेपूट बगितलं."

सापाला मी किती भितो हे कॉलनीत सर्वांना माहीत आहे. एकदा पाण्याच्या पाइपला भिऊन मी फाटकावर चढलो होतो. त्या रविवारी मी दुरूनच हात लांबवून ऑक्टोबर छाटणी केली. ढिगातून वर आलेल्या जेवढ्या काड्या दिसल्या तेवढ्या कापल्या, फोटो टाकला आणि टाकीमागे पाच महिने गेलो नाही. निघताना मावशी फाटकाशी थांबून एकदा मागे वळल्या होत्या. मला वाटलं झाडाकडे बघताहेत. झाडाकडेच बघत होत्या, पण मला वाटलं त्या बाजूला नव्हे.

संक्रांत झाली, मावशी आल्या नाहीत. टेम्पोवाला म्हणाला, म्हातारी वट्यावरून पडली, खुबा मोडला, आता बाजेवरच असते. मी अरेरे म्हटलं, भेटायला जायला पाहिजे असंही म्हटलं आणि गेलो नाही. असं म्हणून न जाण्याची मला सवय आहे.

मार्चच्या मध्यावर वाळत घातलेला टॉवेल वाऱ्याने टाकीमागे पडला. मी साप आहे असं सांगितलं. बायको म्हणाली, टॉवेल नवा आहे, आणि गेली. जरा वेळाने तिचा आवाज आला, "अहो, इकडे या. तुमचं ते काळं आलंय."

मी स्टूल घेऊन गेलो आणि त्यावर उभं राहून बघितलं. टाकीच्या मागच्या बाजूने थोडं पाणी पाझरायचं, तिथे ऊन पोचायचं नाही. त्या ओलसर सावलीत भिंतीच्या कडेने दोन जुन्या काड्या सरळ आडव्या निजवल्या होत्या. बुडाशी त्या ढिगाखाली गाडलेल्या, म्हणून मला कधी दिसल्या नाहीत. दर हातभर अंतरावर भिंतीत जुने खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला काडी मऊ चिंधीने बांधली होती. मावशींच्या जुनेराच्या चिंध्या, काठाची तांबडी रेघ असलेल्या. आणि त्या काड्यांना फळं लागली होती. काही लाल, काही काळीजांभळी. मी मोजली. एकोणीस. स्टुलावरून उतरायला मला बायकोचा हात लागला. मी तिला म्हणालो धूळ गेली डोळ्यात. ती म्हणाली, बरं.

मी फोटो टाकायला मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. काय लिहिणार होतो, आज फळछाटणीचा परिणाम? ज्या दोन काड्या मावशींनी माझ्या हातून वाचवल्या होत्या त्यांनाच फळ आलं होतं.

पहिलं फळ मावशींना, हे मी तिथेच ठरवलं. बुलबुलांना ते मान्य नव्हतं. त्यांनी पाच खाल्ली, एक बायकोने न विचारता खाऊन पाहिलं. बाकीची पिकतील तशी मी तोडत गेलो. फळ काड्यांच्या आतल्या बाजूला आणि काटे सगळ्या बाजूंना. नऊ चांगली फळं स्टीलच्या डब्यात घालून, डबा बर्फात ठेवून मी एसटीने निघालो. वळसंगच्या पुढच्या फाट्यावर उतरून मी पारावरच्या माणसाला विचारलं, "लेंडीमावशींचं घर कुठे?"

तो म्हणाला, "हितं निम्म्या बायका लेंडी इकत्यात. नाव काय?"

पाच वर्षं ज्या बाईला मी हात दाखवत होतो तिचं नाव मला माहीत नव्हतं. मी उन्हात डबा धरून उभा राहिलो. मग म्हणालो, "झाडांशी बोलतात."

"मंग सुगलाबाई," तो म्हणाला आणि लिंबाच्या झाडाकडे बोट दाखवलं.

सुगलाबाई लिंबाखाली बाजेवर होत्या. बारीक झाल्या होत्या, कुंकू मात्र तेवढंच. मला बघून त्या सुनेशी कानडीत काहीतरी बोलल्या, सून हसून चहाला आत गेली. मी डबा उघडला. बर्फाचं पाणी झालं होतं आणि ते डब्यात शिरलं होतं. नऊ फळांपैकी चार आकारात होती, बाकीच्यांचा जांभळा चिखल. मी डबा तसाच पुढे केला. त्यांनी एक उचललं, वास घेतला, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. मी परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा बसलो होतो.

"आंबट हाय की," त्या म्हणाल्या. मग दुसरं खाल्लं. मग तिसरं. "पर येक खाल्लं की दुसरं खावं वाटतंय." चौथं त्यांनी सुनेसाठी बाजूला ठेवलं आणि चिखल बोटाने पुसून घेतला.

मी विचारलं, "मावशी, टाकीमागे साप खरंच होता का?"

"साप न्हवता," त्या म्हणाल्या. "झाडाला तुमचं भ्या वाटत हुतं, सापाचं न्हाय."

मला हसू आलं. मग मी म्हणायला आलो होतो ते म्हणालो. चुकलो, तेव्हाच ऐकायला हवं होतं. त्यांनी ते माशी उडवावी तसं हाताने उडवलं. "त्या दोन काड्या काढल्या का?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या?"

"फळ दिल्याल्या. आता त्या वाळनार. बुडातनं काढून टाका. नवं फुटवं आलं असतील, त्यास्नी जागा पायजे, हवा पायजे. म्हातारी काडी ठिवली की किडा धरतो आन् नव्यालाबी लागतो."

मी म्हणालो, "मावशी, त्या तुम्ही राखलेल्या. त्या कशा कापू?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "चार वरसं कापायचं नव्हतं तवा कापलं. आता कापा म्हनलं तर हात उठंना व्हय?" मग म्हणाल्या, "हात बगू."

मी हात पुढे केले. फळं तोडताना काट्यांनी दोन्ही हात ओरबाडले होते, मनगटापर्यंत बारीक लाल रेघा होत्या. त्यांनी अंगठा प्रत्येक रेघेवरून सावकाश फिरवला.  सून चहा घेऊन आली तेव्हाही माझा उजवा हात त्यांच्या हातात होता, आणि मी चहा डाव्या हाताने प्यायलो.

मी घरी आलो आणि काड्या कापल्या नाहीत. उद्या कापू, परवा कापू. बायकोने दोनदा आठवण केली. पानं पिवळी पडली, काड्या तपकिरी झाल्या, तरी त्या तांबड्या काठाच्या चिंध्या दिसल्या की कात्री घेऊन मी परत यायचो. नवे फुटवे त्या वाळक्या काड्यांत अडकून वेडेवाकडे वाढू लागले, एकाच्या पानांवर पांढरी बुरशी आली. बिनचूक त्यांनी सांगितलं तसं.

पावसाळा लागला आणि टेम्पोवाला एकटाच फाटकाशी आला. पोतं नव्हतं. फाटक धरून उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, सुगलाबाई गेल्या. आज आठ दिवस झाले." चहा नको म्हणाला. मी त्याला बसा म्हटलं, खरंखुरं म्हटलं, पण त्याला पुढे जायचं होतं. पुढच्या तीन घरी त्याला हेच सांगायचं होतं.

तो गेल्यावर मी ओट्यावर बसून राहिलो. भेटायला म्हणून मी एकदा गेलो होतो, फळ घेऊन. फळ नसतं तर गेलो असतो की नाही, याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मग उठलो, लाल मुठीची कात्री घेतली आणि स्टूल न घेता टाकीमागे गेलो. आधी चिंध्या सोडल्या. मावशींची गाठ कात्रीने कापवेना आणि नखाने सुटेना. शेवटी बायको आली, तिने त्या एकेक करून सोडवल्या आणि माझ्या खांद्यावर टाकत गेली. अकरा निघाल्या. मग मी दोन्ही काड्या बुडातून कापल्या. वाळलेल्या होत्या, एकेका दाबात तुटल्या. खालचे सहा नवे फुटवे मोकळे झाले. त्यांतला बुरशी धरलेला एक काढून टाकायला पाहिजे होता, तो मी काढला नाही, एवढं माझ्याच्याने झालं नाही. साही काड्या मी त्याच खिळ्यांवर निजवल्या आणि त्याच चिंध्यांनी बांधल्या. गाठी मात्र माझ्या, म्हणून दोनदा सुटल्या.

ऑक्टोबर आला तेव्हा कात्री बायकोने लपवून ठेवली होती. गरज नव्हती, पण मी तसं बोललो नाही. त्या आठवड्यात गटावर कुणीतरी विचारलं, बेरीसाहेब, यंदा छाटणीचा फोटो नाही? मी लिहिलं, टाकीमागे साप आहे.

पण हे पुढचं झालं. काड्या बांधल्या त्या संध्याकाळी मी नळाखाली हात धुवायला गेलो. कोपरापर्यंत ओरखडे होते. बायको म्हणाली, थांबा, हळद आणते. ती आत गेली आणि मी हात पुढे करून, उलटसुलट करून बघितले, बराच वेळ. मग साबण लावला. चांगलाच झोंबला. मी तो धुतला आणि पुन्हा लावला.